बांधली की मागे ओढते, दोन वर्षांच्या बछेरीला शांत उभं राहायला कसं शिकवायचं?

येऊरचा_तबेला:
नमस्कार मंडळी, मी ठाण्यात येऊरला असतो. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून काठेवाडी बछेरी, म्हणजे तरुण घोडी, आणली, दोन वर्षांची आहे. स्वभावाने फार गोड, हातात दोरी धरून कुठेही न्या येते, खरारा करू देते, पाय उचलू देते, पण तीच दोरी खुंट्याला बांधली की पाच मिनिटांत जनावर बदलतं. आधी टाप मारते, मग मान वर, डोळे मोठे आणि सगळं वजन टाकून मागे. परवा नायलॉनची मोरखी (डोक्यावर चढवायची, दोरी अडकवायची) होती, ती काही तुटली नाही, खुंटाच उपटला आणि तो पायात आपटत ती अंगणभर पळाली, कानामागचं सालटं निघालंय. मला रात्री झोप लागली नाही. गावातले एक जण म्हणतात आंब्याला आखूड बांध, दमली की आपोआप गप्प होईल. मन तयार होत नाही, पण नाल ठोकायला नालबंद पुढच्या महिन्यात येणार आहे, तोवर करू काय?

पनवेलचे_नाना:
आंब्याला बांधू नका, हात जोडून सांगतो. आंबा हलत नाही, नायलॉन तुटत नाही, मग उरते ती तिची मान. असं बांधून मान कायमची आखडलेलं शिंगरू मी बघितलंय.
घोडा पळून जीव वाचवणारं जनावर, कानामागे दाब आला की त्याला वाटतं आपल्याला धरलं, आणि मग तो दाबाच्या उलट जोर लावतो. तिला अजून दाब आला की पुढे यायचं हे कुणी शिकवलेलंच नाही, तुमच्या हातात चालते ती तुमच्यामागे येते म्हणून. तर आधी खुंटा विसरा. दोरी हातात धरा, हलकासा ताण ठेवा, ओढायचं नाही, धरून थांबायचं, तिने एक पाऊल पुढे टाकलं काय नुसती मान जरी पुढे केली तरी त्याच क्षणी ढील द्या. ढील वेळेवर मिळाली पाहिजे, सगळं शिक्षण त्यात आहे. रोज दहा मिनिटं, आठ-दहा दिवस. मग पंधरा-वीस फुटी सुती दोरी खांबाच्या कडीतून नुसती ओवा, गाठ मारायची नाही, दुसरं टोक तुमच्या हातात. मागे गेली तर थोडी सरकू द्या, थांबली की परत पुढे बोलवा. अडकलो नाही हे तिला कळलं की भीती निम्मी होते.
आणि शेजारी एखादी म्हातारी शांत घोडी उभी करा. माथेरानला मोटारी आत जात नाहीत, दस्तुरी नाक्यावर घोडे ओळीने उभे असतात, तिथे नवं जनावर जुन्याशेजारीच उभं राहून शिकतं.

कळवा_सई:
नानांशी सहमत, पण आधी जखम! कानामागे खपली आहे तोवर मोरखी घालूच नका, तिला ती दुखण्याशीच जोडलेली राहील. मान दोन्ही बाजूंना वळवते का, खाली घालून गवत खाते का बघा, नसेल तर डॉक्टर आधी, बाकी सगळं नंतर.
पुढे प्रत्यक्ष बांधाल तेव्हा निरगाठ नको, सुरगाठ मारा, एका हिसक्यात सुटली पाहिजे. कडी तिच्या पाठीच्या उंचवट्याइतकी किंवा वर, खाली बांधलं तर दोरीत पाय जातो. दोरी दोन-अडीच फूट. लगामाला कधीच बांधायचं नाही, तोंड फाटतं. खिशात धारदार चाकू. मी कडी आणि दोरीच्या मध्ये सुतळीचा एक फेरा ठेवते, जोरात ओढलं की सुतळी तुटते, घोडा वाचतो.
उपाशी उभं करू नका, घोड्याच्या पोटात ॲसिड सतत तयार होतं, समोर गवताची जाळी असली की पोटही शांत आणि डोकंही.

पनवेलचे_नाना:
सुतळीबद्दल एक सांगतो सईताई, दोनदा तुटली की हुशार जनावर शिकतं की ओढलं की सुटतं, आणि काठेवाडी तर फार हुशार. म्हणून मी कडीतून ओवलेली दोरीच जास्त दिवस ठेवतो. पण एकटा माणूस असेल तर सुतळी हवीच, ते मान्य.
टाप मारताना सोडू नका हां, क्षणभर तरी शांत झाली की सोडा. नाहीतर टाप मारणं हीच सोडायची घंटा होते. पण खरोखर घाबरली तर ताबडतोब सोडा, तिथे हट्ट नको.

येऊरचा_तबेला:
तीन आठवड्यांनी लिहितोय. खपली पडेपर्यंत थांबलो, मग नानांच्या पद्धतीने फक्त हातातला ताण आणि ढील. चौथ्या दिवशी ताण यायच्या आधीच पाऊल पुढे आलं! शेजाऱ्यांची जुनी घोडी रोज अर्धा तास आणतो, दोघी एकाच जाळीतून गवत खातात. काल पहिल्यांदा सुरगाठ मारली, सुतळीसकट. मागून टेम्पो गेला तेव्हा मान वर झाली, दोरी ताणली गेली, मी श्वास रोखून गाठीवर हात ठेवला, आणि ती एक पाऊल पुढे आली स्वतःहून. मग खालचा ओठ लोंबला, मागचा एक पाय ढिला सोडला. वीस मिनिटं. नालबंदाला अजून पंधरा दिवस पुढे ढकललंय.