माणसांचा फिजिओ सोडून जनावरांच्या फिजिओत जाता येतं का? (पलूस, सांगली)

पलूसची_सून:
नमस्कार मंडळी, जरा लांबड लावते. बीपीटीएच (माणसांच्या फिजिओथेरपीची डिग्री) केलं, मिरजेत चार वर्षं लोकांचे गुडघे न् खांदे हलवले, लग्नानंतर पुण्यात इन्शुरन्सचे क्लेम तपासत बसले, लॉकडाऊनला गावी आलो ते इथंच राहिलो, आता सासऱ्यांचा गोठा बघते. गेल्या पावसाळ्यात एचएफ गाय अडली, वासरू ओढून काढावं लागलं आणि नंतर ती मागनं उठेचना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस दबलीय, वेळ द्या. मग उसाचं पाचट फूटभर अंथरलं, दर तीन-चार तासाला कूस बदलायची, पाय हळूहळू घडी-उघड करायचे, पाय फाकू नयेत म्हणून मागच्या दोन्ही पायांत अंतर ठेवून सुती दोरी. पाचव्या दिवशी ढुंगण उचललं तिनं, मी चक्क रडले. तेव्हापासून हेच करायचं डोक्यात बसलंय. वय ३६. आता बीव्हीएससी (जनावरांच्या डॉक्टरची डिग्री) करू का? सासरे म्हणतात माणसं सोडून म्हशी चोळणार का.

शिरवळवाला_डॉक:
ताई, कूस बदलायचं तुम्हाला सुचलं हीच अर्धी ट्रीटमेंट. एवढं वजन एका अंगावर पडून राहिलं की खालची मांडी स्वतःच्याच भाराखाली मरते, नस बरी झाली तरी जनावर उठत नाही. पण आधी डॉक्टरांनी तपासलं होतं हे विसरू नका. माझ्याकडं एक केस आली, व्यालेली गाय खाली बसली म्हणून घरच्यांनी दीड दिवस तेल चोळलं, आणि होतं काय तर कॅल्शियम उतरलेलं. बाटली शिरेतनं सावकाश सोडली, तासाभरात उभी. (सावकाशच हं, घाई केली तर हृदय बंद पडतं.) म्हणून १९८४ च्या कायद्यानं रोग ओळखणं न् औषध देणं रजिस्टर्ड व्हेटचंच काम. बीव्हीएससी म्हणजे आधी नीटची प्रवेश परीक्षा द्या, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. व्हेट व्हायचं असेल तर करा, नुसत्या फिजिओसाठी मी तरी सांगणार नाही. एखादा व्हेट धरा, तो केस पाठवेल, तुम्ही हात चालवा.

तासगावकर७८:
माझी मावसबहीण इंग्लंडात हेच करते. तिकडं आधी माणसांचा फिजिओ, मग जनावरांचं मास्टर्स, आणि व्हेटनं सांगितल्याशिवाय कुत्र्याला हात नाही. ती म्हणते सगळ्यात अवघड म्हणजे माणसाची अ‍ॅनाटॉमी विसरणं, कुत्र्याला कामाचं कॉलरबोन नसतं, पुढचा पाय नुसत्या स्नायूंवर लटकलेला आणि अंगाचं साठ टक्के वजन त्याच्यावरच. आपण खांदा म्हणून जे दाबायला जातो ते तिथं नसतंच म्हणे.

लाल_मातीतला:
आमच्या तालमीत वस्ताद मालिश करायचे, त्यांना कुणी डिग्री विचारली नाही 😄 थट्टा सोडा, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीवर शिक्कामोर्तब केल्यापासून आमच्याकडं खिलार बैलांवर पैसा ओततायत लोक. बैल लंगडला की आधी गावातला चोळणारा येतो, डॉक्टर शेवटी. तुम्ही आलात तर बरंच, पण आधी लाथ चुकवायला शिका.

शिरवळवाला_डॉक:
@लाल_मातीतला तो चोळणाराच माझं काम वाढवतो. एकदा खुरात खिळा होता आणि बाबा आठ दिवस खांदा चोळत होता. ताई, खरा पैसा सांगलीच्या विश्रामबागेत. गुळगुळीत फरश्यांवर लॅब्रॉडॉर घसरतात, म्हातारपणी मागचे पाय जातात, डॅशहुंडांचे मणके. मालक आठवड्याला दोनदा यायला तयार असतो. शेतकरी एकदा देईल, दुसऱ्यांदा म्हशीच्या दुधाचा हिशोब मांडेल.

पलूसची_सून:
खिळ्याचं वाचून सासरे हसले, पहिल्यांदाच या विषयावर. डॉक, तुमच्याकडं महिनाभर नुसतं बघायला आले तर चालेल का? पहाटेच्या धारा काढून नवाच्या एसटीनं निघेन, स्वतःचा डबा आणेन.

शिरवळवाला_डॉक:
या. गमबूट पण आणा.