मायक्रोसॉफ्टने मॅकची 'चोरी' केली म्हणणाऱ्यांनी १९८५चा करार बघावा

धागाकर्ता:
विंडोज-मॅकचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, मायक्रोसॉफ्टच्या गेट्सने ॲपलच्या जॉब्जची खिडक्या-माउसवाली आयडिया ढापली, आणि बाकीचे माना डोलावतात. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय. न विचारता घेतलं तर चोरी ना? इथे ॲपलने चक्क सही करून दिलंय! विंडोज १.० बाजारात आली २० नोव्हेंबर १९८५ला, आणि दोनच दिवसांनी ॲपल आणि मायक्रोसॉफ्टचा करार झाला, त्यात मायक्रोसॉफ्टने कबूल केलं की आमच्या स्क्रीनवरच्या गोष्टी लिसा (ॲपलचा मॅकच्या आधीचा संगणक) आणि मॅकवरून आल्यात आणि ॲपलने त्या वापरायची परवानगी दिली, तेव्हाच्या आणि पुढच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा. मग विंडोज २ मध्ये खिडक्या एकमेकींवर यायला लागल्यावर मार्च १९८८ला ॲपलने केस टाकली, १८९ गोष्टींची यादी दिली, आणि १९८९ला कोर्ट म्हणालं यातल्या १७९ तर परवानगीतच बसतात. उरलेल्या १० पण पुढे टिकल्या नाहीत, १९९४ला अपीलही गेलं. अजून काय पाहिजे?

साधा माणूस:
सहमत नाही. करार झाला हे खरं, पण कोणत्या परिस्थितीत झाला ते का सांगत नाही तुम्ही? १९८५ला मॅक म्हणावा तसा खपत नव्हता, सप्टेंबरमध्ये जॉब्ज बाहेर पडला होता, आणि घर चालत होतं ॲपल टू या जुन्या संगणकावर, ज्यातलं बेसिक (प्रोग्रॅम लिहायची भाषा) मायक्रोसॉफ्टचं, आणि त्याचं लायसन्स त्याच वर्षी संपत होतं. ते वाढवून घ्यायला ॲपलने स्वतःचं तयार होत आलेलं मॅकबेसिक बंद केलं! लोकांनी खपून केलेलं काम होतं ते. आणि वर एक्सेल. मॅकवर धंद्याच्या कामाचं सॉफ्टवेअर कुणाचं, तर मायक्रोसॉफ्टचं. ॲपलचा तेव्हाचा प्रमुख स्कली सही करणार नाही तर काय करणार? गळा धरून घेतलेल्या सहीला तुम्ही परवानगी म्हणता, मी नाही म्हणत.

आणि त्याआधीचं बघा. १९८२पासून मायक्रोसॉफ्टवाल्यांकडे मॅकचे प्रोटोटाइप होते, का तर मॅकसाठी मल्टिप्लॅन (एक्सेलच्या आधीचं तसंच सॉफ्टवेअर) वगैरे लिहायचं होतं. विश्वासाने घरात घेतलं आणि यांनी नोव्हेंबर १९८३ला, मॅक बाजारात यायच्या दोन महिने आधी, विंडोजची घोषणा केली.

धागाकर्ता:
घोषणा मॅकमुळेच केली हे कशावरून? व्हिसिकॅल्क हे हिशेबाच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हिसिकॉर्पने १९८२च्या कॉमडेक्स प्रदर्शनात व्हिसिऑन दाखवलं होतं, साध्या आयबीएम पीसीवर माउस आणि खिडक्या, ते बघून गेट्स हादरला होता. शिवाय चार्ल्स सिमोनी १९८१लाच झेरॉक्सच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रातून मायक्रोसॉफ्टमध्ये आलेला, जिथे माउस-खिडक्यांवर आधीच काम झालं होतं. मूळ झरा झेरॉक्सच होता राव, दोघंही तिथलंच पाणी प्यायले.

कोडवाला:
हे 'दोघांनी झेरॉक्सवरून घेतलं' वाचलं की मला खरंच राग येतो, कारण मी स्वतः खिडक्या रंगवणारं कोड लिहिलंय. ॲपलची माणसं १९७९च्या शेवटी पार्कला जाऊन आली आणि त्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे १ लाख शेअर १० लाख डॉलरला घ्यायला मिळाले, म्हणजे तेही फुकट नव्हतंच. पण मोठी गोष्ट पुढे आहे. ॲपलचा प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सनला वाटलं की तिथे अर्धी झाकलेली खिडकी आपोआप नीट रंगवली जाते, म्हणून जिद्दीने त्याने 'रीजन' नावाची पद्धत शोधली, कुठलाही वेडावाकडा आकार कमी जागेत साठवायचा आणि तेवढाच भाग रंगवायचा, त्या काळच्या प्रोसेसरवर आणि १२८ केबी मेमरीच्या मॅकमध्ये! नंतर कळलं की पार्कमध्ये ते तसं होतच नव्हतं. जे नव्हतंच ते उचलणार कसं? आणि विंडोज १ मध्ये प्रोग्रॅमच्या खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी लावलेल्या असायच्या, एकीवर एक नाही. माझ्या मते ॲपलचं खरं देणं हे होतं, पण कॉपीराइटच्या केसमध्ये त्याला जागाच नव्हती, तिथे दिसतं काय यावर वाद.

साधा माणूस:
+१ कोडवाला. हेच मला म्हणायचं होतं, मला मांडता आलं नाही.

जुना अटारीवाला:
तुम्ही सगळे दोनच कंपन्यांवर भांडताय. डिजिटल रिसर्चचं काय? गॅरी किल्डॉलची कंपनी, सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवाली. त्यांचं जेम, विंडोजसारखंच खिडक्या-माउसवालं सॉफ्टवेअर, १९८५ला आलं, विंडोजच्या आधी, आणि पीसीवर मॅकसारखं खरोखर चालत होतं. ॲपलने त्यांना कोर्टाची भीती घातली आणि त्यांनी माघार घेतली. नव्या जेममध्ये डेस्कटॉपवर जागेवरून न हलणाऱ्या दोनच खिडक्या आणि कचऱ्याची टोपली गायब. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला मात्र परवानगी! का? कारण मायक्रोसॉफ्टकडे एक्सेल होतं आणि डिजिटल रिसर्चकडे ॲपलला लागेल असं काही नव्हतं. त्यामुळे ॲपल बिचारं हे मला पटत नाही, आणि करार झाला म्हणजे सगळं न्यायाचं हेही नाही.

धागाकर्ता:
हा मुद्दा मी धरलाच नव्हता. मान्य, मी सांगितलेल्या करारात एक्सेलचं वजन होतं, ते मी सोडून दिलं. पण चोरी हा शब्द मला अजूनही मंजूर नाही.

साधा माणूस:
चोरी सोडा, दबाव तरी म्हणा. मॅकबेसिकवाल्यांसाठी तरी.

जुना अटारीवाला:
आणि जेमसाठीही. अटारी एसटी या घरगुती संगणकावर ते तसंच राहिलं होतं, खिडक्या हलत होत्या, टोपली जागेवर होती. मी वर्षानुवर्षं वापरलंय, शेजारी पीसीवरचं जेम बघून जीव तुटायचा.