माणसासारख्या यंत्राने माणसाइतकंच वळावं का?

धागाकर्ता (दांडिया बजार, बडोदे)
एप्रिल २०२४ मध्ये बोस्टन डायनॅमिक्स या अमेरिकन कंपनीने तेलाच्या दाबावर चालणारा (हायड्रॉलिक) यंत्रमानव अ‍ॅटलास निवृत्त केला आणि लगेच विजेवर चालणारा नवा अ‍ॅटलास दाखवला. जमिनीवर पडलेला तो यंत्रमानव पाय उलटे दुमडून उठला. कॅमेऱ्याकडे पाठ होती. आधी डोकं अर्ध्या फेरीत वळलं, मग धड. घरी सगळ्यांना ते किळसवाणं वाटलं. मला नाही.

मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बावीस वर्षं मशीन शॉपला आहे. डावीकडच्या क्रेटमधून कास्टिंग (धातूचा ओतीव भाग) उचला, कमरेतून वळा, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत लावा. माझ्या कमरेला पट्टा लागला तो याच वळण्याने. पाय न हलवता यंत्राची कंबर गर्रकन फिरत असेल, तर हे काम त्यालाच द्यावं. आपल्या सांध्यांच्या मर्यादा त्याच्यावर कशाला लादायच्या?

मांजलपूरकर
दादा, कमरेचं दुःख मान्य, पण मी विरोधात आहे. शॉपमध्ये आपण एकमेकांचं अंग वाचतो. समोरच्याचा खांदा कलला की हात कुठे जाणार ते कळतं आणि आपण न बोलता बाजूला होतो. माणिकरावांच्या आखाड्यात लहानपणी मल्लखांब केला. खाली उभे असलेले सर पोराचा गुडघा सुटायच्या आत हात पुढे करायचे, कारण शरीर कुठे जाऊ शकतं हे त्यांना ठाऊक असायचं. ज्याचं कोपर कुठेही वळतं त्याच्या शेजारी मी कुठे उभं राहू? कारखान्यातले मोठे रोबो-हात जाळीच्या आत असतात ते उगाच नाही.

धागाकर्ता
मग वेग बांधा, जवळ माणूस आला की थांबवा. सांधा कशाला बांधता? हायड्रॉलिकमध्ये दाबाखालचं तेल नळ्यांतून सांध्यापर्यंत न्यावं लागतं, नळी पीळ किती घेणार? आणि गळती वेगळी. आता मोटर आणि गिअर सांध्यातच बसतात. तारांना पीळ पडतो, पण त्याला स्लिप रिंगसारखे (फिरत्या सांध्यातून वीज नेणारी कडी) उपाय आहेत. इतकी मेहनत करून मिळालेली मोकळीक आपणच काढून घ्यायची?

कंट्रोल पॅनलवाली (अलकापुरी)
तुम्ही दोघेही कमरेवर अडलात. माझी काळजी लाल बटणाची आहे, म्हणजे धोका दिसला की वीज तोडणाऱ्या बटणाची. जमिनीला बोल्ट केलेल्या रोबो-हाताची वीज तोडली की ब्रेक लागतो, तो जागीच थांबतो. दोन पायांचं यंत्र मात्र तोल सांभाळायला सतत करंट खातं, गुडघे वाकवून नुसतं उभं राहिलं तरी मोटर तापते. चालता चालता वीज गेली तर ते कोसळणार, आणि हातात कास्टिंग असेल तर तेही. शेजारी माणूस असताना बटण दाबायचं की नाही, हा निर्णय ऑपरेटरवर टाकणं मला अमानुष वाटतं.

आणि दादा, चकच्या जबड्यात धातूच्या किसाची बारीक चिप अडकलेली तुम्ही बोटाने ओळखता ना? वळण्याआधी ते शिकवायला हवं.

धागाकर्ता
ताई, बटणाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. चिपचंही खरं आहे. जबड्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय मी जॉब लावतच नाही. मग त्याला चाकांच्या रुंद बैठकीवर बसवा, पाय नकोतच. कंबर मात्र पूर्ण फिरू द्या.

मांजलपूरकर
चाकांवर बसवलंत तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा कोपरापाशी आहे.