जुन्या कंपनीला फॉर्म १६ साठी तीन मेल केले, एकालाही उत्तर नाही. माझ्या मेलमध्येच काही चुकतंय का?

सातारी_पोरगा: नमस्कार मंडळी, डिसेंबर २०२३ मध्ये जॉब सोडला. आता ३१ जुलै २०२४ जवळ आली, इन्कम टॅक्स रिटर्न भरायचंय आणि फॉर्म १६ चा (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) पत्ता नाही. एप्रिलपासून तीन मेल झाले, एचआर, पेरोल, जुने मॅनेजर सगळ्यांना एकदम टाकले. विषय "विनंती". आत साधारण असं (मूळ इंग्रजीत होतं): आपण कुशल असाल, मी आपल्या नामांकित संस्थेत तीन वर्षं काम केलं, खूप शिकायला मिळालं, तरी २०२४-२५ चा फॉर्म १६ लवकरात लवकर द्यावा व योग्य ती कार्यवाही करावी. भांडायचं नाहीये मला, माणसं चांगली आहेत तिथली. पण काय लिहू?

पेरोलवाली_ताई: दादा, मी बारा वर्षं पेरोलला आहे म्हणून सांगते, तुझा मेल मी उघडला असता आणि "नंतर बघू" म्हणून सोडला असता, कारण तू कोण हेच कळत नाही. जॉब सोडला की ऑफिसचा आयडी बंद होतो, तू जीमेलवरून लिहितोस, त्यात एम्प्लॉयी कोड नाही, आमच्याकडे एकाच नावाचे चार जण असतात आणि पगाराचा कागद चुकीच्या माणसाला गेला तर नोकरीवर येतं. दुसरं म्हणजे वर्ष. तुला हवंय आर्थिक वर्ष २०२३-२४ चं, २०२४-२५ हे असेसमेंट इयर झालं, म्हणजे त्या कमाईचं रिटर्न भरायचं पुढचं वर्ष, आता मी शोधू काय? आणि एप्रिलचा मेल तर वायाच गेला, शेवटच्या तिमाहीचं टीडीएस (पगारातून कापलेला कर) रिटर्न कंपन्या ३१ मे पर्यंत भरतात, मग ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस साइटवरून फॉर्म १६ चा पार्ट ए, म्हणजे कापलेल्या कराचा भाग, निघतो, म्हणून तर फॉर्म १६ ची तारीख १५ जून असते.

असं लिही:

विषय: फॉर्म १६, आर्थिक वर्ष २०२३-२४, एम्प्लॉयी कोड (तुझा)

"नमस्कार मॅडम, मला आर्थिक वर्ष २०२३-२४ चा फॉर्म १६ मिळालेला नाही. शेवटचा दिवस: (तारीख). पॅनचे शेवटचे चार आकडे-अक्षरं: (इथे). कृपया शुक्रवारपर्यंत याच मेलवर पाठवाल का? हे काम दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्यांचा आयडी कळवा."

खाली मोबाइल नंबर. बस. रिलीव्हिंग लेटर जोड, म्हणजे ओळख पटते. पॅन कार्डाचा फोटो मात्र पाठवू नकोस.

कट्ट्यावरचा: ताईंशी सहमत. टू मध्ये एकच माणूस ठेव भावा, मॅनेजर सीसी मध्ये. तिघांना टू मध्ये टाकलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल.

सातारी_पोरगा: ताई मनापासून आभार, वर्षाचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आता नवीन मेल टाकू की जुन्यावरच रिप्लाय?

पेरोलवाली_ताई: नवीनच टाक, जुन्याचा विषय "विनंती" आहे, तो शोधून सापडत नाही. आधीच्या मेलची तारीख एका ओळीत दे, "उत्तर का दिलं नाही" असं काही नको. मंगळवारी-बुधवारी सकाळी पाठव, महिनाअखेरीला आम्ही पगारात बुडालेले असतो. आणि तोवर इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन करून फॉर्म २६एएस (तुझ्या पॅनवर जमा कराचा तक्ता) बघून ठेव, टीडीएस किती जमा झालाय ते तिथे दिसतं.