'पूर्वी लोक बापाचं कर्ज फेडायचे' या पोस्टीला उत्तर (लांबलंय, माफी)

बांधकरी:
परवा इथे एकानं लिहिलं, "पूर्वी माणसं बापाचं कर्ज डोक्यावर घ्यायची, आता माफीची वाट बघतात. नीतीच घसरली." खाली '+१' ची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

नीती घसरली नाही, तारण बदललं. पेशवाईत सावकाराच्या हातात होतं काय? मिरासी (वंशपरंपरेची) जमीन सहजासहजी विकून घेता येत नव्हती. उभं पीक आणि कुणब्याचा शब्द, एवढंच. म्हणजे कुणबी जगला, गोठ्यात बैल राहिले, तरच वसुली. दामदुपट असल्याच व्यवहारात टिकते: एका वेळी मुदलापेक्षा जास्त व्याज मागायचं नाही. शंभर रुपये, दरमहा दोन टक्के, की पन्नास महिन्यांत मीटर बंद.

इंग्रजांच्या रयतवारीनं (सारा थेट कुणब्याकडून) जमीन नावावर केली, म्हणजेच ती लिलावातही निघू लागली. वर 1859 च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या खतावर (कर्जाच्या कागदावर) दावा करायची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुणब्याला वाचवायचा. झालं असं की तिसरं वर्ष सरायच्या आत सावकार नवं खत लिहून घ्यायचा, व्याज मुदलात घालून. शंभराचे 172, पुढच्या खतात 296, नवव्या वर्षी 509. दामदुपट कागदावर शाबूत, कारण नव्या खतात कालचं व्याज हेच आजचं मुद्दल. गावच्या सोसायटीत मार्चअखेर 'नवं-जुनं' करतात ना (जुनं पीककर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं), त्याचा हा पणजोबा.

अमेरिकेच्या यादवीत (1861-65) कापूस चढला तेव्हा पत सढळ झाली, भाव पडल्यावर आखडली, त्यातच फेरपाहणीचा (जमिनीच्या नव्या आकारणीचा) वाढीव सारा. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांवर चालून गेलेला जमाव शोधत होता ती ही खतं. मिळाली ती जाळली. कर्ज फेडणं हा धर्म मानणारी हीच माणसं.

चक्रवाढ:
दामदुपटीचं कौतुक पुरे. नियम 'एका वेळी' मागायच्या व्याजाचा आहे. दर साल 24 रुपये इमानानं भरणारा दहा वर्षांत 240 देतो आणि मुद्दल 100 तसंच उभं. संरक्षण फक्त थकवणाऱ्याला! 2019 च्या माफीत तेच: थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंत, नियमित भरणाऱ्याला 50 हजारांपर्यंत 'प्रोत्साहन', तेही 2022 उजाडल्यावर. मग नीती घसरली म्हटलं की का झोंबतं?

आणि 1879 चा शेतकरी रिलीफ कायदा सोयीस्करपणे विसरलात. पुणे, सातारा, सोलापूर, नगर. कोर्टानं खताच्या मागे जाऊन पहिल्या उचलीपासून हिशेब मांडायचा, कर्जापायी शेतकऱ्याला अटक नाही. सावकारानं काय केलं? गहाणखत सोडून सरळ खरेदीखत लिहून घेतलं, परतीची बोली तोंडी.

सातबारा_उतारा:
बापाच्या कर्जाचं ऐका. मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्यानं वारसाची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच ठेवली. म्हणजे सुप्याच्या नऊ वर्षं आधी. मुलाचं 'पवित्र कर्तव्य' म्हणून कर्ज वसूल करायची वाट 2005 च्या वारसा दुरुस्तीनं नव्या कर्जांपुरती बंद झाली. तरी पोरगं आज बापाची सोसायटी भरतं, कारण सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा आहे आणि बोजा उतरल्याशिवाय नवं पीककर्ज नाही. संस्कार वगैरे नंतर.

गावकुसाबाहेर:
सुप्याचं गुणगान चाललंय, त्याआधीचं शिरूरकडचं करडे गाव सांगा की. डिसेंबर 1874. सावकारानं जप्ती आणली ती देशमुखावर, आणि मग गावानं सावकाराचा न्हावी, पाणी बंद केलं. हेच हत्यार गाव कुणावर कायम चालवत आलंय ते माहीत आहे ना? आज 2016 च्या सामाजिक बहिष्काराच्या कायद्यात याला तीन वर्षं शिक्षा आहे. 'गावाची नीती' म्हणे!

बांधकरी:
गुणगान कुठे केलं? दाखवा. बाकी मुद्दा बरोबर आहे.

पायलीपसा:
तुम्ही सगळे रोखीत अडकलात. निम्मा व्यवहार धान्याचा. त्यात वाढीदिढी: ज्येष्ठात एक मण बाजरी न्यायची, खळ्यावर दीड मण द्यायची. पाच महिन्यांत पन्नास टक्के, म्हणून सावकार राक्षस! पण समजा ज्येष्ठात भाव मणाला तीन रुपये आणि खळ्यावर दोन. तीन रुपयांचं नेलं, तीन रुपयांचं दिलं. व्याज शून्य. मनुस्मृतीतही पैशाला दुपटीची मर्यादा आणि धान्याला पाचपटीची, ती उगीच नाही.

बांधकरी:
हा हिशेब खातं धान्याचं असेल तरच. ते रुपयात लिहिलं की: ज्येष्ठाच्या भावानं तीन रुपये, वर दिढी, साडेचार. वसुली खळ्यावर दोनच्या भावानं. सव्वादोन मण. म्हणजे 18 पायल्यांऐवजी 27. शिवाय देताना पायली फळी फिरवून सपाट, घेताना शिगेची, म्हणजे वर रास येईपर्यंत भरलेली. शीग पायलीमागे पावशेर धरली तरी 27 वर पावणेसात शेर.

पायलीपसा:
शीग सगळेच घेत. बलुतेदारही खळ्यावर शिगेनंच मागायचा, तेव्हा ती रीत; सावकारानं घेतली की लूट?

बांधकरी:
हो! बलुतेदाराला पीक बुडालं तर वाटाही बुडायचा. सावकाराचं खत दुष्काळात वाढतच होतं. तीच शीग, पण जोखीम कुणाची यावर तिची रीत होते नाहीतर लूट.

चक्रवाढ:
जोखमीचं बोलला म्हणून विचारतो. बिनतारण देणाऱ्यानं बुडीत कुठून भरून काढायची? दहा जणांना शंभर-शंभर दिले, दोन पळाले तर उरलेल्या आठांचे 24 टक्के म्हणजे 192, बुडाले 200. पदरचे आठ गेले.

बांधकरी:
ठीक, अर्धा हिशेब मान्य. तो बिनतारण सावकाराचा. खरेदीखत खिशात घालून बसलेल्याचा नाही, आणि त्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत.

सातबारा_उतारा:
नवं-जुनं करायला पाच दिवसांसाठी आज खासगी सावकार शेकड्यावर व्याज घेतो, त्याला कोण जोखीम म्हणणार? पैसा तर बँकेतून बँकेतच जातो.

गावकुसाबाहेर:
करड्यावर सोयीस्कर शांतता. असो.

पायलीपसा:
@बांधकरी, ते 27 तुम्ही बारा पायल्यांचा मण धरून काढलेत. सोळाचा धरला तर 36. आधी माप सांगा, मग लुटीचं बोला.