मदत हवी आहे: पॅक-12 (अमेरिकन कॉलेजांची खेळांची लीग) मधल्या उरलेल्या कॉलेजात मुलीला पाठवावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही पोर्टलंडजवळ राहतो, मुलगी बारावीला आहे, सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) खेळते आणि तिला ओरेगन स्टेट नाहीतर वॉशिंग्टन स्टेटच हवंय, भिंतीवर नारिंगी जर्सी आधीच लटकलीये 😅

प्रॉब्लेम असा की 2024 मध्ये पॅक-12 मधून 10 कॉलेजं बाहेर पडली, टीव्हीच्या पैशामागे कोण बिग टेन लीगला, कोण बिग 12 लीगला, आणि स्टॅनफर्ड न् बर्कली तर चक्क अटलांटिक कोस्ट लीगवाल्यांकडे (पॅसिफिकच्या काठावर बसून!). मागे राहिली ही दोनच. म्हणजे बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीतले दहाजण सोडून गेले आणि दोघांकडे नुसती पाटी न् फंड उरला, तोही कोर्टात भांडून. मधली दोन वर्षं अमेरिकन फुटबॉल इकडे पॅक-12 मध्ये, बाकीचे बरेच खेळ तिकडे वेस्ट कोस्ट लीगमध्ये असं चाललं. आता 2026 पासून बॉइझी, फ्रेस्नो, गोन्झागा, टेक्सस स्टेट वगैरे कॉलेजं येतायत, कारण वरच्या पातळीच्या अमेरिकन फुटबॉलसाठी लीगमध्ये आठ टीम लागतातच.

फुटबॉलचं बघायला लोक आहेत हो, मला सॉकरची काळजी आहे. टीव्हीचे पैसे आटले की पहिली कात्री अशाच खेळांना लागते ना? कोणाची मुलं तिथे खेळतायत का? स्कॉलरशिप दरवर्षी रिन्यू होते का, चार वर्षांचं लेखी देतात का? आणि टेक्ससपर्यंत मॅचला गेल्यावर बुडलेल्या लॅबचं काय करतात? कोचला हे सरळ विचारलं तर चालतं का, की तिच्यावर उलटेल?

प्लीज अनुभव असेल तरच सांगा, नवऱ्याचे अंदाज रोज ऐकतेय.