विज्ञान हीसुद्धा एक श्रद्धाच नाही का?

नौपाडेकर:
आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली. सेक्रेटरींनी नारळ फोडला, हार घातला आणि ग्रुपवर जुंपली. पूजेला हसणाऱ्यांना माझा सवाल: लिफ्टच्या दोराला किती भार झेपतो, हे तुमच्यापैकी कोणी तपासलं? जंतू, इलेक्ट्रॉन, कृष्णविवर... यातलं स्वतः काय पाहिलंत? बाईंनी शाळेत सांगितलं ते तुम्ही मानलं, कीर्तनकारांनी सांगितलं ते आजीनं मानलं. फरक दाखवा.

ऐरोलीकर:
दाखवतो. युरेनस हिशोबाप्रमाणे फिरत नव्हता. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं पलीकडे आणखी एक ग्रह असणार म्हणून जागा काढून दिली. 1846 मध्ये नेपच्यून तिथे जवळच सापडला. पुढे बुधाचंही गणित जुळेना, तर याच गृहस्थानं सूर्याजवळ ‘व्हल्कन’ ग्रह असल्याचं मांडलं. तो दिसल्याचे दावेसुद्धा झाले! 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतानं बुधाचा हिशोब लागला आणि व्हल्कन निकालात निघाला. नेपच्यूनवाल्याचा दबदबा काही कामी आला नाही. अंगाऱ्यानं गुण आला नाही तर बुवा काय म्हणतो? तुमचीच श्रद्धा कमी पडली.

दिवाळ्याचा कोळी:
बुवा आणि देव एकाच टोपलीत कशाला घालता? नारळी पौर्णिमेला आम्ही दर्याला नारळ देतो. पण तीन नंबरचा बावटा लागला की होडी बंदरातच. नारळ दिला म्हणून वादळ टळेल, असं माझ्या बापानं कधी मानलं नाही. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर पाहिलं होतं: आतल्या शांत पाण्यात मासे धरताना तिथले लोक मंत्रतंत्र करत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र करत. म्हणजे अडाणी कोणीच नव्हतं. जिथे आपलं कसब पुरत नाही, तिथे माणूस हात जोडतो.

नौपाडेकर:
हेच तर म्हणतोय! आफ्रिकेतल्या अझांडे लोकांचं इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञानं लिहिलंय. कोठार कोसळलं की खांब वाळवीनं खाल्ले हे त्यांनाही ठाऊक असे. पण नेमका माझाच माणूस खाली बसलेला असताना का पडलं? त्याचं उत्तर ते चेटकात शोधत. विज्ञान म्हणतं, योगायोग. हे काय उत्तर झालं?

ऐरोलीकर:
झालं की. तुम्हाला आवडत नाही, एवढंच. चेटकाच्या उत्तराला नेहमी कोणीतरी गुन्हेगार लागतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा एखादी एकटी बाई असते.

पाचपाखाडीची सून:
21 सप्टेंबर 1995, गणपती दूध प्यायला तो दिवस. सासूबाई रांगेत, मी ऑफिसात. दुसऱ्या दिवशी पृष्ठताणाचं, म्हणजे मूर्तीला टेकलं की दूध चमच्यातून आपोआप ओढलं जातं हे, स्पष्टीकरण पेपरात आलं, त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, बरं. पूजा सुटली नाही, पुन्हा दूध पाजायलाही गेल्या नाहीत. यांना कुठल्या खान्यात बसवाल?

दिवाळ्याचा कोळी:
2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा, ताई. दाभोलकरांच्या खुनानंतर आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर गुन्हा. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हातही लावलेला नाही. इथे भांडणाऱ्या दोघांपेक्षा कायदा लिहिणाऱ्यांना हा फरक जास्त नीट कळला होता.

नौपाडेकर:
कायद्यानं विचार ठरत नाहीत. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

ऐरोलीकर:
आलंय. दोर तुम्ही तपासला नाहीत, पण तपासायचा म्हणालात तर कोणी पाप म्हणणार नाही. आता आजीच्या कीर्तनकाराला तसंच विचारून बघा.